आळशी डोळा, पट्टी आणि मुलांचे डोळ्यांचे डॉक्टर: अनुभव हवे आहेत

शिंपला

नमस्कार. माझी लेक साडेचार वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात शाळेत डोळे तपासले. डावा डोळा झाकला तेव्हा तिने सगळी चित्रं भराभर ओळखली. उजवा झाकल्यावर आधी गप्प बसली, मग तपासणाऱ्या ताईंचा हात धरून बाजूला करायला लागली, शेवटी रडली. चिठ्ठी मिळाली: डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

त्या रात्री मी खेळ म्हणून तिचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोर तिचं रोजचं चित्रांचं पुस्तक धरलं. हत्तीचं पान होतं. ती म्हणाली, "आई, दिवा लाव ना." दिवा लावलेलाच होता.

डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. उजव्याचा नंबर अधिक एक, डाव्याचा अधिक साडेपाच. भिंग लावूनही डाव्याने ६/३६ पर्यंतच दिसतंय, म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून. डावा डोळा आळशी झालाय म्हणाले, म्हणजे अँब्लायोपिया. आधी चष्मा, काही आठवड्यांनी परत तपासणी आणि मग बहुतेक पट्टी, म्हणजे चांगला डोळा रोज काही वेळ झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचं.

एकच गोष्ट मनातून जात नाही. ही मुलगी जमिनीवर पडलेला मणी अचूक उचलते, लांबचं विमान मला दाखवते. आम्हाला कळलं कसं नाही? आणि यासाठी मुलांचेच खास डॉक्टर लागतात का, की नेहमीचे नेत्रतज्ज्ञ पुरेत? नातेवाईक म्हणतात अजून लहान आहे, थोडं थांबा. ज्यांनी पट्टी लावली आहे त्यांनी कृपया लिहा.

तिरीप

मी ऑर्थोप्टिस्ट आहे, सतरा वर्षं मुलांच्याच डोळ्यांचं काम करते. शिंपला, तुम्हाला कळणं जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा. डोळा तिरळा असता तर फोटोत दिसला असता. तुमच्या लेकीचे दोन्ही डोळे सरळ आहेत, फक्त नंबरात मोठा फरक आहे. मेंदूला एका डोळ्याकडून स्पष्ट चित्र मिळतं, दुसऱ्याकडून धूसर. तो धूसर चित्र बाजूला टाकतो आणि हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणंच बंद करतो. मुलीला लहानपणापासून जग असंच दिसलंय, मग ती तक्रार कशाची करणार? मणी आणि विमान दोन्ही उजव्या डोळ्याने दिसत होते.

डोळा मुळात ठणठणीत असतो, अडचण मेंदूतल्या जोडणीत असते. हे नीट समजलं ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्या १९६० च्या दशकातल्या कामामुळे. त्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळ्यात काही दोष नाही, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजरावर तोच प्रयोग केला तर असं काही होत नव्हतं. १९८१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. "थोडं थांबा" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा. साडेचार वर्षं हे उपचारासाठी चांगलं वय आहे, आणि ते वापरायचं असतं.

आता डॉक्टरांबद्दल. चष्मा बनवून देतात ते ऑप्टिशियन. नंबर काढतात, दृष्टी तपासतात ते ऑप्टोमेट्रिस्ट. दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात, तिरळेपणा किती अंशांचा आहे, पट्टीचा परिणाम होतोय का, हे माझ्यासारखे ऑर्थोप्टिस्ट बघतात. औषध आणि शस्त्रक्रिया नेत्रतज्ज्ञाकडे. आणि नेत्रतज्ज्ञ झाल्यावर लहान मुलं आणि तिरळेपणा यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले ते बालनेत्रतज्ज्ञ. ही शाखा तशी नवी आहे. फ्रँक कॉस्टनबाडर या अमेरिकी डॉक्टरांनी १९४३ मध्ये फक्त मुलांचेच डोळे बघायचे असं ठरवलं, तिथून ती सुरू झाली असं मानतात.

साधा नंबर कोणताही चांगला नेत्रतज्ज्ञ काढेल. पण आळशी डोळा, तिरळेपणा, जन्मतः मोतीबिंदू किंवा काचबिंदू, वेळेआधी जन्मलेलं बाळ, यात मुलांचेच डॉक्टर गाठा. ओळखायची माझी खूण अशी: ते मुलाचा प्रत्येक डोळा वेगळा तपासतात का, आणि थेंब घालून बाहुली मोठी झाल्यावरच नंबर पक्का करतात का. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं की अधिक नंबर ते ताण देऊन सहज लपवतं. थेंबांशिवाय नुसत्या यंत्रावर काढलेल्या नंबरावर मुलाचा चष्मा बनवू नका.

जुळ्यांचा_बाबा

वरच्या यादीतल्या "वेळेआधी जन्मलेलं बाळ" या शब्दांवर थांबून लिहितोय.

आमची जुळी २९ व्या आठवड्यात झाली. ११०० आणि १२५० ग्रॅम. आम्ही श्वास, वजन, दूध यातच बुडालेलो. एका नर्सताईंनी फाइलवर लाल पेनाने तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "इकडचं जग तिकडे झालं तरी या दिवशी डोळे तपासायचे." तेव्हा पहिल्यांदा आरओपी हा शब्द ऐकला. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, रक्तवाहिन्या गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांत पूर्ण होतात. बाळ आधीच बाहेर आलं की त्या अर्धवट राहतात, पुढे वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढून सुटू शकतो. बाहेरून डोळा बघून काहीही कळत नाही.

तपासणी चौथ्या आठवड्यात झाली. एवढ्याशा पापण्या छोट्या चिमट्यासारख्या साधनाने उघड्या ठेवतात, डॉक्टर डोक्याला दिवा बांधून हातातल्या भिंगातून आत बघतात. मी बाहेर थांबलो नाही, बाळाची बोटं धरून उभा होतो. मुलगा सुटला. मुलीला तीन आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांत लेझर करावं लागलं. आज ती सहा वर्षांची आहे, उणे चारचा चष्मा आहे आणि पुस्तकांची वेडी आहे.

कुणाचंही बाळ लवकर झालं असेल तर डिस्चार्जच्या गडबडीत ही तारीख हरवते. घरी आल्यावर बाळ बाळसं धरतं, सगळं बरं दिसतं आणि जाणं राहून जातं. उपचाराची वेळ मोजक्या दिवसांची असते. किती आठवडे, किती वजन यांचे निकष देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून "आमच्या बाळाला आरओपीची तपासणी लागते का आणि कधी" हे सुट्टी मिळण्याआधी तोंडाने विचारा आणि लिहून घ्या.

नवीआई

सगळं वाचून छातीत धडधडतंय. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. कधी कधी एक डोळा नाकाकडे गेल्यासारखा वाटतो. सगळे म्हणतात मोठं झाल्यावर सरळ होईल. तिरीपताई, काय करू?

तिरीप

नवीआई, घाबरू नका, पण दाखवा. पहिले तीनचार महिने बाळांचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. चार महिन्यांनंतरही वळत असेल तर तपासायचंच.

दोन शक्यता आहेत. पुष्कळ बाळांचं नाक वरून सपाट असतं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. त्यामुळे आतला पांढरा भाग झाकला जातो आणि डोळा आत गेल्यासारखा भासतो. हा तिरळेपणाचा नुसता आभास, नाक वर आलं की जातो. "मोठं झाल्यावर जाईल" हे म्हणणं इथूनच आलंय. खरा तिरळेपणा मात्र वाढत्या वयाबरोबर जात नाही. समोरून काढलेल्या फोटोत प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी आहे का बघा. एकात मधोमध आणि दुसऱ्यात बाहेरच्या कडेला असेल तर लगेच जा. ठिपके जुळले तरी एकदा तज्ज्ञांच्या नजरेखालून जाऊ दे, कारण अधूनमधून होणारा तिरळेपणा एका फोटोत सापडेलच असं नाही.

सोनचाफा

फोटोचा विषय निघाला म्हणून लिहिते. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं.

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना बहिणीने मोबाइलवर फोटो काढला. एका डोळ्यात फ्लॅशचा लाल ठिपका, दुसऱ्यात पांढरट पिवळा. मांजरासारखा. आम्ही म्हटलं प्रकाश पडला असेल. मग जुने फोटो उघडले. तीन महिन्यांपूर्वीच्या एकात तसंच. त्याच्याही आधीच्या एकात फिकट, पण होतं. एका डॉक्टरांनी टॉर्च मारून "काही नाही, सहा महिन्यांनी आणा" सांगितलं. माझं मन मानेना, मी फोटो घेऊन दुसरीकडे गेले. त्यांनी त्याच दिवशी बाहुली मोठी करून बघितलं आणि पुढच्याच आठवड्यात भूल देऊन तपासणी केली. रेटिनोब्लास्टोमा. दृष्टिपटलाचा कर्करोग.

गाठ मोठी होती, डोळा काढावा लागला. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली. आज तो नऊ वर्षांचा आहे, गाठ पसरली नव्हती, पुढे काही लागलं नाही. त्याचा कृत्रिम डोळा इतका बेमालूम आहे की नव्या वर्गशिक्षिकांना मी सांगेपर्यंत कळत नाही. चष्म्याला नंबर नाही, तरी तो न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा दिवसभर घालतो. शिल्लक डोळ्याचं रक्षण करायचं म्हणून. झोपताना चष्मा स्वतः डबीत ठेवतो आणि झाकण लागल्याचा आवाज आल्याशिवाय हात काढत नाही.

हा आजार दुर्मीळ आहे, साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक, आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आत दिसतो. लवकर सापडला तर मूल वाचतं, पुष्कळदा डोळाही वाचतो. प्रत्येक पांढरा ठिपका कर्करोग नसतो. मोतीबिंदूनेही तसं दिसतं, आणि मूल विशिष्ट कोनात बघत असेल तर निरोगी डोळ्यातही कधी येतो. पण तो तुम्ही ठरवू नका. पांढरा ठिपका दिसला की त्याच आठवड्यात बाहुली मोठी करून तपासून घ्या, कोणी "नंतर आणा" म्हटलं तरीही. आणि हे झालेल्या मुलाच्या भावंडांचेही डोळे तपासावे लागतात, कारण काही घरांत ते आनुवंशिक असतं.

जुळ्यांचा_बाबा

सोनचाफा, तुम्ही लिहिलंत, फार मोठं काम केलंत. मी आत्ता उठून दोघांचे सगळे फोटो बघितले.

रानवाट

मी एक्केचाळीस वर्षांचा, उजवा डोळा आळशी. तिसरीत कळलं, पट्टी आणली, मी शाळेत चिडवतात म्हणून ती दप्तरात ठेवायचो आणि घरी येताना परत लावायचो. घरच्यांना वाटायचं दिवसभर लावतो. रोजच्या आयुष्यात फारसं अडत नाही हे खरं, पण ज्या नोकरीचं स्वप्न बघितलं तिथे दोन्ही डोळ्यांची अट होती. आणि एक भीती कायम सोबत असते, चांगल्या डोळ्यात साधा कण गेला तरी पोटात गोळा येतो. शिंपला, लेकीने कंटाळा केला तर माझी गोष्ट तिला नका सांगू, घरातल्या मोठ्यांना सांगा. पट्टी लावणं हे मुलाचं काम नाही, मोठ्यांचं आहे.

तिरीपताई, आता काही होऊ शकतं का?

तिरीप

रानवाट, तुमच्या वयात खात्रीने सांगण्यासारखा उपचार नाही. फक्त चष्मा घाला, नंबर नसला तरी, सोनचाफांच्या मुलासारखाच संरक्षणासाठी. पण जुनं मत, की सात वर्षांनंतर काहीच होत नाही, ते मागे पडलंय. सात ते बारा वर्षांच्या मुलांमध्येही उपचाराने बऱ्यापैकी सुधारणा होते हे २००५ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. ज्यांच्यावर आधी उपचारच झाले नव्हते अशा किशोरवयीन मुलांतही काहींना फायदा झाला. उशिरा कळलं असेल तरी विचारायला जा.

निळाई

माझ्या भाच्याचा नंबर डोळ्यांच्या व्यायामाने तीनवरून दीडवर आला. चष्म्याआधी ते करून बघायला काय हरकत आहे?

तिरीप

निळाई, हरकत आहे, आणि मी स्पष्टच लिहिते, कारण व्यायामाच्या नादात हातातली वर्षं गेलेली मुलं मी बघितली आहेत. भाच्याचा नंबर अधिक होता का? जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी सुमारे २४. डोळा लांब होतो तसा अधिक नंबर आपोआप उतरू शकतो. श्रेय व्यायामाला जातं. उणे नंबरात डोळा प्रमाणाबाहेर लांब झालेला असतो, तो व्यायामाने आखूड होत नाही. तिथे बाहेर उजेडात रोज दोन तास खेळणं हे सुरुवात रोखायला मदत करतं, आणि वाढ मंदावण्यासाठी सौम्य अॅट्रोपिनचे थेंब किंवा खास काचा डॉक्टर ठरवतात. नंबर मुद्दाम कमी देऊन वाढ थांबत नाही.

व्यायाम एका ठिकाणी खरंच उपयोगी पडतात. जवळचं वाचताना दोन्ही डोळे एकत्र आत वळायला कमी पडत असतील आणि मुलाचं डोकं दुखत असेल, ओळी उड्या मारत असतील, तर ते शिकवतो. आळशी डोळ्याला चष्मा आणि पट्टी.

निळाई

त्याचा नंबर अधिकच होता. हे माहीत नव्हतं. त्याचे आईबाबा चष्मा बंद करायच्या विचारात आहेत, आज फोन करते.

कोरा_कागद

विषय थोडा बाजूला जातोय, पण पालकांनी वाचावं. मुलगा आठ वर्षांचा, दर उन्हाळ्यात डोळे लाल, प्रचंड खाज, सकाळी चिकट दोरीसारखी चिपडं. एकदा थेंब लिहून दिले, दोन दिवसांत जादू झाल्यासारखं बरं वाटलं. मग आम्ही तीच बाटली पुन्हा पुन्हा आणत राहिलो, दीड वर्ष. त्यात स्टिरॉइड होतं हे आम्ही वाचलंच नाही. डोळ्यातला दाब वाढला होता. बालनेत्रतज्ज्ञांनी थेंब बदलले, दाब उतरला, नस वाचली. स्टिरॉइडचे थेंब वाईट नाहीत, कधी तेच लागतात, पण दर वेळी डॉक्टरांनी दाब मोजून. आणि डोळे चोळू देऊ नका, सतत चोळण्याने पुढे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येऊ शकतं. आम्ही गार पाण्याच्या घड्या ठेवतो.

तिरीप

दाबाचा विषय निघालाय तर तान्ह्या बाळांचंही सांगते. बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी येणं बहुधा अश्रुनलिका उघडलेली नसल्यामुळे असतं. नाकाच्या बाजूला कोपऱ्यावरून खाली दाब देत मालीश शिकवतात आणि बहुतेकांची वर्षभरात आपोआप उघडते. पण पाण्याबरोबर बाळ उजेडात डोळे गच्च मिटत असेल, बुबुळ नेहमीपेक्षा मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर तो जन्मतः काचबिंदू असू शकतो. "किती टपोरे डोळे" म्हणून कौतुक होतं आणि आठवडे जातात. तिथे शस्त्रक्रिया लागते आणि लवकर लागते.

शिंपला (चार महिन्यांनी)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बालनेत्रतज्ज्ञांकडे गेलो. पहिले तीन महिने नुसता चष्मा, आणि तेवढ्यानेच ६/३६ वरून ६/२४ झालं. डॉक्टर म्हणाल्या, आता रोज दोन तास पट्टी. मी म्हटलं, जास्त लावली तर लवकर होईल ना? त्यांनी सांगितलं, मध्यम कमजोरी असलेल्या मुलांत दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम जवळपास सारखा निघालाय. शिवाय चांगला डोळाही दर वेळी तपासावा लागतो, अति झाकल्याने तोही मागे पडू शकतो. पट्टी अजिबात सहन न होणाऱ्या मुलांना चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिन घालून तो धूसर करतात, हेही कळलं.

आमचं काय चाललं, काय नाही: चष्म्यावर लावलेलं कापड पहिल्याच दिवशी बाद झालं, ती वरून बघायची. कातडीवर चिकटणारी पट्टी, तिच्यावर चष्मा. पहिला आठवडा रडारड. मग पट्टीची वेळ आणि बारीक कामाची वेळ एक केली: मणी ओवणं, ठिपके जोडणं, चित्रातल्या मुंग्या मोजणं. पट्टी काढल्यावर ती भिंतीवरच्या मोठ्या कागदाला चिकटवायची. त्यांचा आता एक साप झालाय. शेपटीपासून डोक्यापर्यंत बावीस.

नवीआई

आमचेही कळवते. ठिपके जुळत होते, कातडीची घडीच निघाली. तरी वर्षाचं झाल्यावर परत बोलावलंय.

शिंपला (आणखी दहा महिन्यांनी)

डावा डोळा ६/९. काल डॉक्टरांनी तिला पोलराइज्ड काचांचा खास चष्मा घातला आणि समोर एका मोठ्या माशीचं चित्र ठेवलं. दोन्ही डोळे एकत्र काम करत असतील तर ती माशी कागदातून वर उठून आलेली दिसते. पहिल्या भेटीत हेच चित्र दाखवलं तेव्हा तिने कागदावर बोट टेकवून "माशी" म्हटलं होतं. काल तिने हात पुढे नेला आणि कागदाच्या चार बोटं वर, हवेतच, चिमटीत पंख धरायला गेली. मग एकदम हात मागे घेऊन माझ्या कुशीत शिरली. "आई, ती वर आहे!"

पट्टी एकदम बंद करायची नाही, कारण सुमारे चौथा हिस्सा मुलांमध्ये डोळा पुन्हा मागे जातो. आता महिनाभर रोज एक तास, मग तपासणी, मग हळूहळू कमी. चष्मा राहणार. सापाचा कागद संपला, म्हणून त्याला वळवून दाराच्या चौकटीवर चढवलाय.